नावापुढचे अक्षर

मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या आगगाडीने आपल्यापैकी बहुतेकांनी प्रवास केला असेल. पुष्कळशा गाड्या कर्जतला थांबतात आणि त्यांच्या मागे आणखी इंजिने जोडली जातात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. बोरघाट चढून गाडी वर आली की ही इंजिने सुटतात आणि पुन्हा खाली कर्जतला जातात. त्यांच्यामुळे गाडी लवकर पोहोचते असे नाही. त्यांचे काम एवढेच की गाडी घाटात थांबू नये आणि मागे घसरू नये. सपाटीवर जे बळ अनावश्यक वाटते, ते चढणीवर प्राणाइतके मोलाचे ठरते.

आजच्या विषयाचा आरंभ आम्ही या घाटापासून मुद्दाम केला. विषय आहे एका लष्करी विमानइंजिनाचा, आणि त्यातही त्याच्या निरनिराळ्या रूपांमधील फरकांचा. हा तर यंत्रज्ञांचा विषय, वसंतातल्या व्याख्यानात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु इतिहास हा केवळ राजेरजवाड्यांचा नसतो. यंत्रांनाही इतिहास असतो, आणि त्यात माणसांच्या गरजा, चुका आणि चिंता जशाच्या तशा उमटलेल्या असतात. इंजिनाच्या नावापुढे लिहिलेले एखादे अक्षर आपण सहसा वाचतही नाही. ते अक्षर कोणत्या गरजेतून आले, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

इंजिनाचे नाव आहे 'एआय-२०'. ते जन्मले सोव्हिएत संघात, पण आपल्या देशाशी त्याचा संबंध १९६१ पासून आहे. लडाखच्या पठारावर ते गेले, गोव्याच्या दाबोळीहून अरबी समुद्रावर त्याने पहारा केला, आणि ईशान्येच्या दऱ्यांतील चौक्यांना त्याने धान्य पोहोचवले. मात्र या सर्व ठिकाणी गेलेले इंजिन एकच नव्हते. कुठे 'के' होते, कुठे 'एम', तर कुठे 'डी'. कुळ एक, पण प्रत्येकाचे काम वेगळे.

प्रथम जन्मकथा पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर दहा वर्षांच्या आतच जेट विमानांचे युग सुरू झाले होते. जेट वेगवान खरे, पण त्या काळी त्याची तेलाची भूक फार मोठी होती. शिवाय त्याला लांबच लांब पक्क्या धावपट्ट्या लागत. रशियासारख्या अफाट देशात, जिथे अर्धे वर्ष बर्फ आणि उरलेल्या काळात चिखल, तिथे मालवाहू व प्रवासी विमानांसाठी मधला मार्ग हवा होता. तो मार्ग म्हणजे टर्बोप्रॉप. यात आतले यंत्र जेटच्याच जातीचे असते. पण त्याची बहुतेक सारी शक्ती मागच्या झोतात न जाता पुढचा मोठा प्रॉपेलर फिरवण्यात खर्च होते. वेग थोडा कमी, पण तेलाची बचत, आखूड धावपट्टीवरून उड्डाण, आणि ओझे वाहण्याची ताकद.

सोव्हिएत संघाने सुमारे ४,००० अश्वशक्तीच्या अशा इंजिनाचे काम दोन ठिकाणी सोपवले. एक कुइबिशेव्ह, म्हणजे आजचे समारा, येथील निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे. त्यांच्या इंजिनाचे नाव 'एनके-४'. दुसरे युक्रेनमधील झापोरिझिया येथील अलेक्झांडर ईव्हचेंको यांच्याकडे. 'एआय' ही ईव्हचेंको यांच्याच नावाची आद्याक्षरे. १९५७ साली अँतोनोव्ह यांचे एएन-१० आणि इल्यूशिन यांचे आयएल-१८ ही दोन्ही विमाने प्रथम उडाली, ती कुझ्नेत्सोव्ह यांच्या इंजिनावर. कागदावर पाहिले तर एनके-४ वजनाने हलके आणि तेलाला काटकसरी होते. तरीही काही काळातच निवड झाली ती ईव्हचेंको यांच्या जड पण दणकट इंजिनाची. कागदावरचा सरस आणि रोजच्या वापरातला सरस, हे दोन नेहमी एकच असतात असे नाही. जे यंत्र वाळवंटात आणि हिमात, शिकाऊ कारागिराच्या हाताखालीही चालायचे, त्याच्या अंगी थोडा जाडेपणा असलेला बरा, हा त्या निवडीचा अर्थ आम्ही लावतो.

आता या यंत्राची रचना थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचे फरक ध्यानात येतील. इंजिनाच्या तोंडातून हवा आत येते. दहा चक्रांच्या ओळीतून जाताना ती पायरीपायरीने दाबली जाते. मग वर्तुळाकार ज्वलनकोठीत तिच्यात इंधन जळते. तापलेला, फुगलेला वायू तीन टर्बाइन-चक्रांवर आदळतो आणि त्यांना फिरवतो. या टर्बाइनने मिळवलेल्या शक्तीतला मोठा वाटा पुढची हवा दाबण्यातच खर्च होतो. जे उरते ते दातेरी चाकांच्या पेटीतून प्रॉपेलरला मिळते. एआय-२० चे विशेष हे की त्यात हे सारे एकाच दांड्यावर बसवलेले आहे. तो दांडा उड्डाणात दर मिनिटाला १२,३०० फेरे घेतो आणि प्रॉपेलर सुमारे १,०७५. वैमानिकाने शक्ती वाढवली तरी फेरे तेवढेच राहतात. वाढते ते इंधन, आणि त्याबरोबर प्रॉपेलरची पाती आपला कोन बदलून हवेचा मोठा घास घेऊ लागतात.

या एका दांड्याच्या रचनेत साधेपणा आहे, आणि एक धोकाही आहे. इंजिन बंद पडले तर समोरून येणारा वारा प्रॉपेलर फिरवीत राहतो आणि प्रॉपेलर सारे जड यंत्र ओढू लागतो. जो विमान पुढे नेत होता तोच आता नांगरासारखा मागे खेचतो. म्हणून शक्ती एकाएकी ढासळली की पाती आपोआप वाऱ्याच्या दिशेला समांतर वळावीत, अशी योजना या इंजिनात केलेली असते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढे डोंगरात गेल्यावर एका बंद पडलेल्या इंजिनाचा प्रश्न आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता अक्षरांकडे वळू. आरंभीची रूपे 'ए' आणि 'के'. दोघांची शक्ती ४,००० अश्वशक्ती. ही अश्वशक्ती मेट्रिक पद्धतीची, आणि तिच्यात प्रॉपेलरची शक्ती व मागच्या झोताचा थोडा हातभार या दोहोंची बेरीज असते. आयएल-१८ ने ही इंजिने घेऊन प्रवासी वाहिले आणि एएन-१२ ने माल व सैनिक. एएन-१२ हे चार इंजिनांचे, मागून दार उघडणारे, वीस टनांचा बोजा उचलणारे विमान डिसेंबर १९५७ मध्ये प्रथम उडाले. १९६१ साली ते भारतीय हवाई दलाच्या ४४ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले.

पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. ऑक्टोबर १९६२ मध्ये लडाखच्या चुशूल येथे रणगाड्यांची तातडीने गरज पडली. तेथवर रणगाडा नेईल असा रस्ता नव्हता. चंडीगडहून एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ जातीचे सहा रणगाडे तेथे उतरवले. एकेका रणगाड्याचे वजन सुमारे १४ टन, आणि चुशूलची उंची समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरांहून अधिक. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. त्याच्या अडीचपटीहून उंच जागी भरलेले विमान उतरवून पुन्हा उडवायचे होते. पठाराच्या त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने एक-तृतीयांशाहून अधिक विरळ असते. पंखाला आधार कमी, प्रॉपेलरला घास कमी, आणि इंजिनाला श्वास कमी, अशी तिहेरी अडचण. ज्या वैमानिकांनी ते केले त्यांच्या धैर्याबद्दल आम्ही वेगळे काय सांगावे?

याच वर्षी जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट जातीचे विमान दौलत बेग ओल्डीच्या पठारावर, पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर, उतरवले होते. पॅकेट हे पिस्टन इंजिनाचे जुने विमान. डोंगरातल्या कामासाठी त्याच्या पाठीवर एक छोटे जेट इंजिन वरून बसवावे लागे. आम्ही सुरुवातीला कर्जतचा बँकर सांगितला. पॅकेटच्या पाठीवरचे ते जेट म्हणजे हुबेहूब हवेतला बँकर होय. चढणीपुरते जास्तीचे बळ हवे, हे हवाई दलाला इतक्या लवकर कळले होते. प्रश्न एवढाच होता की हे बळ बाहेरून जोडायचे, की इंजिनाच्या पोटातच आणायचे.

त्याचे उत्तर पाहण्यापूर्वी 'एम' या अक्षराची भेट घेऊ. 'एम'ची शक्ती ४,२५० अश्वशक्ती, म्हणजे 'के'पेक्षा अवघी २५० ने अधिक. एवढ्याशा वाढीसाठी नवे अक्षर कशाला, असे वाटेल. पण 'एम'ची खरी कमाई शक्तीची नाही. तेलाचा खर्च कमी आणि दोन दुरुस्त्यांच्या मधला काळ लांब, ही त्याची कमाई. या घराण्याची पहिली इंजिने काही शे तास चालली की उघडून तपासावी लागत. पुढे सुधारणा होत हा काळ हजारांच्या मोजणीत गेला. युद्धाच्या कथेत अशी गोष्ट कोणी लिहीत नाही. पण कारखान्यात पडून असलेले इंजिन आणि विमानावर चढलेले इंजिन यांतला फरक ज्याला कळतो, त्याला या सुधारणेचे मोल सांगावे लागत नाही.

'एम' आपल्याकडे आले ते समुद्रावर. १९७७ साली आयएल-३८ ही टेहळणी विमाने भारतीय नौदलाने घेतली आणि गोव्याच्या 'आयएनएस हंसा' या तळावर ठेवली. आयएल-१८ या प्रवासी विमानाच्या देहावरच ती बेतलेली होती. त्यांचे काम म्हणजे तासन् तास समुद्रावर घिरट्या घालणे, पाणबुडीचा माग काढणे, आणि दिवस मावळला तरी न कंटाळणे. येथे डोंगर नाही, विरळ हवा नाही, उड्डाणासाठी दाबोळीची लांब धावपट्टी आहे. येथे इंजिनापुढचा प्रश्न निराळा: किती तास टिकशील, आणि तासाला किती तेल पिशील? 'एम' हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. ही विमाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नौदलातून निवृत्त झाली, म्हणजे गोव्याच्या आकाशात या इंजिनाचा आवाज सेहेचाळीस वर्षे घुमला. मध्ये १ ऑक्टोबर २००२ रोजी, स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवी उड्डाणात दोन आयएल-३८ हवेतच एकमेकांवर आदळली आणि नौदलाची माणसे गेली. तो दोष इंजिनाचा नव्हता. पण गोव्याने या विमानांसाठी दुःखही सोसले आहे, ते विसरून चालणार नाही.

आता 'डी'. येथे एक समज दूर केला पाहिजे. इंजिनाच्या अक्षरांना आपण मुलांच्या जन्मक्रमासारखे मानतो. आधी 'ए', मग पुढची, आणि शेवटचे ते सर्वांत नवे. प्रत्यक्षात तसे नाही. १९६० साली उडालेल्या बेरिएव्ह यांच्या बीई-१२ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानात 'डी' इंजिनच होते. म्हणजे 'डी' हे 'एम'चे धाकटे भावंड नसून त्याच काळात वेगळ्या घरी वाढलेले थोराड भावंड होय. त्याची शक्ती ५,१८० अश्वशक्ती. समुद्राच्या पाण्याचा चिकट ओढा तोडून वर उठायचे तर धक्का मोठा हवा, आणि तो द्यायला केवळ दोनच इंजिने. म्हणून ही वाढ.

शक्ती वाढवण्याचे मार्ग तीनच आहेत. जास्त हवा ओढावी, ती जास्त दाबावी, किंवा जास्त तापवावी. तिन्ही मार्गांची किंमत मोजावी लागते. हवा वाढवली तर यंत्र जड होते, दाब वाढवला तर चक्रांची रचना नाजूक होते, आणि ताप वाढवला तर टर्बाइनच्या पात्यांचे आयुष्य घटते. शिवाय दांड्यावर आलेले जास्तीचे बळ हवेत उतरवायचे तर प्रॉपेलर मोठा लागतो. आयएल-१८ आणि एएन-१२ यांचा चार पात्यांचा प्रॉपेलर साडेचार मीटर व्यासाचा. पुढे 'डी'ची पाचवी मालिका ज्या विमानावर बसली त्याचा ४.७ मीटर. वीस सेंटिमीटरांचा फरक किरकोळ वाटेल. तो किरकोळ नव्हता, हे आता दिसेल.

सत्तरच्या दशकात आपल्या हवाई दलापुढे प्रश्न उभा होता. डकोटा आणि पॅकेट म्हातारी झाली होती. १९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना घेऊन लेहच्या वाळवंटात डकोटा उतरवली, तेव्हापासून सीमेवरच्या चौक्यांचा संसार विमानांवर चालत आला होता. धान्य, रॉकेल, औषधे, टपाल, आजारी शिपाई, सारे विमानाने. अँतोनोव्ह यांच्याकडे त्या वेळी एएन-२६ हे दोन इंजिनांचे विमान होते. देह उत्तम, मागचे दार सोयीचे. पण त्याचे इंजिन 'एआय-२४', ईव्हचेंको यांच्याच घरातले धाकटे, २,८२० अश्वशक्तीचे. युरोपच्या सपाटीसाठी ते पुरेसे होते. लडाखच्या उन्हाळ्यात, उंचावर आणि उकाड्यात, ते पुरे पडणारे नव्हते.

अँतोनोव्ह यांच्या अभियंत्यांनी तोच देह घेतला आणि त्यावर एआय-२० 'डी' इंजिने चढवली. यातूनच एएन-३२ जन्मले. ९ जुलै १९७६ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. पण त्या थोराड प्रॉपेलरला एएन-२६ च्या पंखाखाली जागा नव्हती. पाती जमिनीला आणि विमानाच्या कुशीला लागली असती. म्हणून इंजिने पंखाच्या वर उचलून बसवली. एएन-३२ कुठेही दिसले तर त्याच्या पंखावर दोन मोठाली पिंपे ठेवल्यासारखी दिसतात, ती याच कारणाने. एका अक्षराने सबंध विमानाचा चेहरा बदलला. १९८४ साली ही विमाने आपल्याकडे आली, आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. आपल्या हवाई दलाने त्यांना 'सतलज' हे नाव दिले. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० ते ४,५०० मीटर उंचीच्या आणि उष्ण हवेच्या धावपट्टीवरून उडता यावे, हाच त्या विमानाच्या रचनेमागचा हेतू होता.

श्रोतेहो, आता थोडे गणित करू. गणित ठोकळ आहे, यंत्रज्ञाच्या वहीतले नव्हे, पण त्याने मुद्दा स्वच्छ होईल. हवा जितकी विरळ तितकी इंजिनाची शक्ती घटते, असे धरू. लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के. २,८२० अश्वशक्तीचे लहान इंजिन तेथे सुमारे २,०३० अश्वशक्तीवर येईल. ५,१८० चे 'डी' येईल सुमारे ३,७३० वर. म्हणजे लेहमध्ये दम लागलेले 'डी'सुद्धा समुद्रकाठी ताज्या दमाच्या लहान इंजिनाहून बलवान आहे. दौलत बेग ओल्डीच्या पाच हजार मीटरांवर घनता साठ टक्क्यांच्या आसपास येते. तेथेही 'डी'जवळ ३,१०० अश्वशक्ती उरते.

आणि आता तो बंद पडलेल्या इंजिनाचा प्रश्न. लेहहून उडताना दोन लहान इंजिने मिळून सुमारे ४,०६० अश्वशक्ती देतील. दोन 'डी' इंजिनांपैकी एक बंद पडले, तर उरलेले एकटे सुमारे ३,७३० देईल. म्हणजे एक हात गमावलेले एएन-३२ दोन्ही हात शाबूत असलेल्या एएन-२६ च्या जवळ जाते. हिशेब वजनावर मांडला तरी हेच दिसते. एएन-२६ चे कमाल वजन २४ टन. टनामागे २३५ अश्वशक्ती. एएन-१२ चे ६१ टन. टनामागे सुमारे २६२. एएन-३२ चे २७ टन; टनामागे सुमारे ३८४. सपाटीवर ही जास्तीची शक्ती बहुतेक वेळ झोपून असते. विमानाचा वेग तिने फारसा वाढत नाही. परंतु दोन डोंगरांच्या मधल्या अरुंद दरीत, भरलेल्या पोटाने, एका इंजिनावर वर चढायची वेळ आली, की ती जागी होते. आमच्या मते 'डी' या अक्षराचा सारा अर्थ या एका क्षणात आहे. ३१ मे २००८ रोजी एएन-३२ दौलत बेग ओल्डीवर उतरले आणि कितीतरी वर्षे मुकी पडलेली ती धावपट्टी पुन्हा जागी झाली, तेव्हा राजे यांच्या पॅकेटच्या पाठीवरचा बँकर इंजिनाच्या पोटात शिरला आहे, हे सिद्ध झाले.

येथे कोणी विचारील, 'डी' इतके चांगले, तर सर्वत्र तेच का बसवले नाही? गोव्याच्या विमानाला 'एम' का? प्रश्न रास्त आहे. दहा-बारा तास समुद्रावर घिरट्या घालणाऱ्या विमानाने डोंगराचे बळ अंगावर वागवले तर ते तेलात आणि झिजेत बुडेल. प्रवासी विमानाला जास्तीचे बळ म्हणजे जास्तीचा खर्च. बैलगाडीला लढाऊ घोडा जोडून शेत नांगरले जात नाही. म्हणूनच 'के', 'एम' आणि 'डी' यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्नच चुकीचा आहे. 'के'ने विचारले, रोज चालेल का? 'एम'ने विचारले, दीर्घकाळ आणि काटकसरीने चालेल का? 'डी'ने विचारले, संकटात चालेल का? ज्या संस्थेला आपला प्रश्न नेमका ठाऊक असतो, तिलाच योग्य अक्षर मागता येते. एएन-३२ च्या इतिहासात आपल्या हवाई दलाचा मोठेपणा आम्हाला यात दिसतो की त्याने बाजारात असलेले विमान मुकाट्याने उचलले नाही. आपल्या डोंगरांची अट पुढे ठेवली.

पण अक्षराच्या सामर्थ्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे यंत्रस्तुती होईल. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहकडे निघालेले एक एएन-१२ खराब हवेमुळे मागे वळले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्यात १०२ माणसे होती. पस्तीस वर्षांनी, २००३ साली, गिर्यारोहकांना हिमनदीत त्याचे पहिले अवशेष सापडले. त्यानंतर अधूनमधून शोधमोहिमा निघत राहिल्या. २०२४ साली, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, आणखी चार जवानांचे देह मिळाले. त्या घरांतल्या किती आया वाट पाहता पाहता गेल्या असतील! २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले एएन-३२ बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह हरपले. समुद्रतळाशी त्याचे अवशेष दिसले ते २०२४ च्या जानेवारीत. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला जाणारे दुसरे अरुणाचलच्या डोंगरावर आदळले आणि तेरा जण गेले. ढगांत लपलेल्या कड्यापुढे अश्वशक्तीचे चालत नाही. इंजिन वैमानिकाच्या हाती थोडी अधिक संधी देते. त्याहून जास्त वचन ते देऊ शकत नाही. पण ही थोडी संधीही कोणा एका घराला त्याचा माणूस परत देते, म्हणून ती मागणे आपले कर्तव्य ठरते.

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही आवरते घेऊ. अलेक्झांडर ईव्हचेंको १९६८ साली वारले. त्यांचे झापोरिझिया सोव्हिएत संघ मोडल्यावर स्वतंत्र युक्रेनमध्ये राहिले, आणि २०२२ पासून ते गाव युद्धाच्या माऱ्यात आहे. २००९ साली आपण शंभरावर एएन-३२ विमानांच्या नूतनीकरणाचा करार युक्रेनशी केला. काही विमाने तिकडे सुधारायची आणि उरलेली कानपूरला, असे ठरले. २०१४ पासून तिकडची परिस्थिती बिघडली, सुटे भाग अडले आणि काम रखडले. आपल्या डोंगरातल्या चौकीचा पिठाचा डबा दूरच्या एका शहराच्या शांततेवर अवलंबून होता, हे तेव्हा ध्यानात आले. ३१ जानेवारी २०२० रोजी लेहहून एएन-३२ ने दहा टक्के देशी जैवइंधन मिसळून उड्डाण केले. आपल्या माणसांनी या जुन्या इंजिनाला नवे अन्न पचवायला शिकवले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण इंजिनाला खाऊ घालणे वेगळे आणि इंजिन घडवणे वेगळे. योग्य अक्षर मागण्याइतके आपण शहाणे झालो. ते अक्षर स्वतः लिहिण्याचा पल्ला अजून पुढे आहे.

श्रोतेहो, पुढच्या वेळी कर्जतला गाडी थांबली आणि मागे इंजिन जोडल्याचा धक्का बसला, तर घड्याळाकडे पाहून चिडू नका. घाट चढेपर्यंत त्या इंजिनाला सोबत असू द्या. कुठेतरी दूर, हिमाच्या दोन भिंतींमधून, तशाच राखून ठेवलेल्या बळावर विसंबून एक विमान पीठ, औषधे आणि कोणाच्या तरी आईचे पत्र घेऊन वर चढत असेल.